गाऊटचं दुखणं: गावात मला विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात माझी सात एकर शेती आहे, कापूस आणि तूर, विहिरीखाली थोडा हरभरा. डॉक्टर मी नाही. पण २०१४ पासून गाऊट सोबत आहे आणि ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली आहे. बाजाराच्या दिवशी कृषी केंद्रासमोरच्या बाकावर बसलो की कोणीतरी येऊन चप्पल काढतो, अंगठा पुढे करतो आणि विचारतो, "भाऊ, हे पाहा बरं, तुमच्यावालंच हाय काय?" विचारणारे बदलतात, प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले.

आपल्याकडे सगळ्यालेच वात म्हणते. मग हा गाऊट वेगळा कसा?

वात म्हणजे आपल्याकडे गुडघे झिजण्यापासून चिकनगुनियापर्यंत काहीही. गाऊटचं कारण मात्र एकच आहे. रक्तात युरिक ॲसिड जास्त होतं आणि त्याचे स्फटिक सांध्यात जमतात. आपल्या बोअरचं पाणी रोज उकळा, महिन्याभरात गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा थर बसतो. तसंच समजा. १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलीग्रॅमच्या वर युरिक ॲसिड गेलं की ते रक्तात विरघळून राहू शकत नाही. अंगाच्या मानाने पायाचा अंगठा थंड असतो, म्हणून बहुतेकांना सुरुवात तिथून होते. वर्षानुवर्षं गुपचूप थर बसतो. मग एका रात्री शरीर त्या स्फटिकांवर तुटून पडतं आणि अंगठ्याची आग होते.

आयुर्वेदात याच्याशी मिळतंजुळतं वर्णन वातरक्त या नावाने आहे. पायापासून सुरू होऊन उंदराच्या विषासारखं अंगभर पसरतं, असं जुन्या ग्रंथांत म्हटलंय. ज्याने लिहिलं त्याने रोगी जवळून पाहिला असणार.

पहिला झटका कसा असते?

माझा पोळ्याच्या करीला आला. दिवसभर बैलांच्या मागे, संध्याकाळी मटण आणि मित्रांसोबत बसणं. रात्री दोनच्या सुमारास उजव्या अंगठ्यात असा चटका उठला की मला वाटलं विंचू चावला. बायकोने बॅटरी घेऊन वाकळ झटकली, खाट उलटी केली, कोपऱ्यातलं पोतं हलवलं. विंचू कुठेच नाही. तोवर अंगठ्याचा सांधा पिकलेल्या टमाट्यासारखा लाल आणि चकचकीत झाला होता. पायावर वाकळ टेकली तरी मी ओरडायचो. पंखा जोरात फिरला तरी त्रास व्हायचा, हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

शेवटी बायकोने कोंबड्या झाकायचं डालं आणलं, माझ्या पावलावर उपडं ठेवलं आणि त्यावरून वाकळ पांघरली. आजवर मिळालेल्या सल्ल्यांत तो सगळ्यात कामाचा निघाला.

सकाळी जिथे दाखवलं तिथे "काहीतरी चावलं" म्हणून इंजेक्शन आणि अँटिबायोटिक मिळालं. आठ दिवसांत बरं वाटलं. ते औषधाने नव्हे. गाऊटचा झटका आठ-पंधरा दिवसांत आपोआपही ओसरतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. त्या आठवड्यात जे काही केलेलं असतं, त्याला गुण आला असं माणूस समजतो.

अंगठा सुजला म्हणजे गाऊटच समजायचा काय?

नाही. आपल्या भागात तर अजिबात नाही. चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडे हत्तीरोग आहे, त्यात पाय सुजतो पण सूज सांध्यापुरती नसते. चिकनगुनियात एकाच वेळी बरेच सांधे धरतात आणि ताप येतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही पुष्कळ आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोराचे हातपाय वारंवार दुखत असतील तर गाऊट म्हणून सोडून देऊ नका, आधी सिकलसेलची तपासणी करा. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

आणि एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. एकच सांधा लाल झाला, सोबत ताप आणि थंडी वाजली, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. उद्याची एसटी पाहू नका.

खात्री करायचा पक्का मार्ग म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. ते सगळीकडे होत नाही. नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचा दवाखाना अशा ठिकाणी होतं. बाकी ठिकाणी डॉक्टर लक्षणं आणि रक्तावरून ठरवतात, आणि अंगठ्याच्या बाबतीत ते बहुतेक बरोबरच असतं.

रिपोर्टात युरिक ॲसिड नॉर्मल आलं. मग गाऊट नाही ना?

रक्त केव्हा दिलं ते सांगा. ऐन झटक्यात पुष्कळांचं युरिक ॲसिड खाली आलेलं दिसतं. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. माझं झटक्यात ६.५ होतं आणि महिन्याने ९.२ निघालं. मधल्या महिन्यात मी "आपल्याले काही नाही" म्हणून पेढे वाटायचाच बाकी होतो. सोबत क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), शुगर आणि बीपी पण पाहून घ्या, कारण गाऊट एकटा येत नाही.

झटका आला त्या रात्री काय करू?

पाय उंच ठेवा. फ्रीजमधला बर्फ दुपट्ट्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, शेकू नका. पाणी प्या. अन् डॉक्टरने आधीच लिहून दिलेली झटक्याची गोळी घरात असेल तर लगेच घ्या. पहिल्या बारा तासांत घेतलेली गोळी जेवढं काम करते तेवढं तिसऱ्या दिवशीची करत नाही.

झटक्याची औषधं मुख्य तीन प्रकारची असतात. सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या, कोल्चिसिन, आणि थोड्या दिवसांपुरतं स्टिरॉइड. कोणतं चालेल हे तुमच्या किडनीवर, पोटावर, शुगरवर आणि चालू औषधांवर अवलंबून असतं. मला कोल्चिसिन दिलं आहे. आधी अर्ध्या मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या, तासाभराने एक, त्या दिवशी बस.

हे "बस" मी एकदा सांगायला विसरलो. बाकावरच्या एका मित्राला माझ्या पट्टीतल्या गोळ्या दिल्या आणि म्हटलं, "घे, हमखास उतरते." त्याने उतरेपर्यंत म्हणून संध्याकाळपासून आठ खाल्ल्या. रात्रभर जुलाब, सकाळी सलाईन. जास्त कोल्चिसिन म्हणजे विषच आहे, किडनी कमजोर असेल तर अजून लवकर. काही अँटिबायोटिकांसोबतही ते जमत नाही. त्याची बायको दोन महिने माझ्याशी बोलली नाही, ते बरोबरच होतं. आता बाकावर अनुभव मिळतो, गोळी मिळत नाही.

दुखणं तं गेलं. आता रोजची गोळी कायले खायाची?

हा प्रश्न दुसऱ्यांनी विचारण्याआधी मी स्वतःलाच तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा चुकीचं उत्तर दिलं.

झटका म्हणजे रोग नव्हे. शेतात वाघ दिसला नाही म्हणून तो तालुक्यातून गेला असं होत नाही, तसं. दोन झटक्यांच्या मधल्या काळात, जेव्हा तुम्ही ऐटीत चालत असता, तेव्हाच थर वाढत असतो. तो विरघळवायचा असेल तर युरिक ॲसिड ६ च्या खाली आणून तिथे ठेवावं लागतं. गाठी झाल्या असतील तर डॉक्टर ५ च्याही खाली आणायला सांगतात. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल नाहीतर फेबुक्सोस्टॅट रोज लागतं. ॲलोप्युरिनॉल काही आजचं नाही, १९६६ पासून गाऊटला वापरतात. ज्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ते आणलं त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. स्वस्त आहे, जनऔषधीत मिळतं.

कोणाला केव्हा सुरू करायचं याचा हिशोब असतो. वर्षातून दोन किंवा जास्त झटके, सांध्यावर गाठी, एक्सरेत हाड खाल्लेलं दिसणं, यात गोळी लागतेच. आयुष्यात एकच झटका आला असेल तर डॉक्टर थांबूही शकतात, पण किडनी अधू असेल किंवा मुतखडा होत असेल तर सहसा थांबत नाहीत.

मी २०१७ ला सुरू केली. वर्षभर झटका नाही, म्हणून "बरा झालो" समजून सोडली. सहा महिन्यांत घोटा धरला. पुन्हा सुरू केली. मग शेजारच्या गावातल्या एकाने सांगितलं की या गोळीने किडनी जाते, म्हणून पुन्हा सोडली. खरं उलटं आहे. किडनीला खातात त्या दुखण्याच्या गोळ्या, ज्या आपण मेडिकलवरून शेंगदाण्यासारख्या आणतो. ॲलोप्युरिनॉल किडनी पाहून कमी मात्रेत सुरू करतात, एवढंच. तिसऱ्यांदा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुटली. तालुक्याला जाता येत नव्हतं हे खरं, पण गाडी सुरू झाल्यावरही मी चार महिने गेलो नाही, हेही खरं.

त्या वर्षी कोपरावर बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून लक्ष दिलं नाही. एक दिवस कापसाच्या गंजीवर कोपर घासलं आणि ती फुटली. आतून रक्त नाही, पू नाही. भिजवलेल्या खडूसारखा पांढरा लगदा बाहेर आला, बोटांत चोळला तर कचकच लागायचा. डॉक्टर म्हणाले, "हेच तुमचं युरिक ॲसिड. अंगठ्यातही हेच आहे, फक्त दिसत नाही." सहा वर्षं मी ज्याला मानत नव्हतो ते त्या दिवशी बोटाला लागलं. त्यानंतर गोळी सोडली नाही. आता ३०० मिलीग्रॅम रोज, युरिक ॲसिड ५.४, आणि गाठीच्या जागी नुसता डाग आहे.

गोळी सुरू केली आणि दुखणं उलट वाढलं. सूट होत नाही काय?

बहुतेक वेळा सूट होते म्हणूनच दुखतं. जुना थर सुटायला लागला की स्फटिक हलतात आणि झटके येतात. म्हणून १०० किंवा ५० मिलीग्रॅमपासून हळूहळू वाढवतात आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन देतात. झटका आला तरी चालू असलेली रोजची गोळी थांबवायची नाही.

एका गोष्टीत मात्र थांबायचं. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, सोबत ताप, असं झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. क्वचित होतं, पण झालं तर पहिल्या काही महिन्यांत होतं आणि जिवावर बेतू शकतं. फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्याने हृदयाचा त्रास असेल तर तो आधी सांगावा.

तुरीचं वरण बंद करू काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याच्यावरून आपल्याकडे घराघरांत भांडणं आहेत. मीही तीन वर्षं तूर पिकवली आणि खाल्ली नाही. वरण-भात नाही, गोळाभात नाही, पाटोडी नाही, पालक नाही. वजन उतरलं, तोंड उतरलं, युरिक ॲसिड होतं तिथेच राहिलं.

डाळीत प्युरीन असतं हे खरं, आणि प्युरीनचंच शरीरात युरिक ॲसिड होतं. पण अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांना बारा वर्षं पाहिलं आणि २००४ साली त्याचा निष्कर्ष आला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, डाळी-भाज्यांतल्या प्युरीनने वाढला नाही, आणि दूध-दही खाणाऱ्यांत तर कमी निघाला. तेव्हा वाटीभर वरण खा, ताक प्या. एखाद्याला एखाद्या डाळीने खरोखर त्रास होत असेल तर त्याने ती सोडावी, पण ऐकीव गोष्टीवरून नाही.

पथ्याची ताकद किती हेही समजून घ्या. युरिक ॲसिडचा मोठा हिस्सा शरीर स्वतःच बनवतं. कडक पथ्याने साधारण एखादा पॉइंट उतरतो. ज्याचं ९ आहे तो नुसत्या पथ्याने ६ वर येत नाही. पथ्य पाळूनही झटका आला की घरचे म्हणतात "चोरून खाल्लं असंल". तसं नसतं.

मटण? आणि मोहाची?

कलेजी, भेजा, वजडी पूर्ण बंद. मटणाचे दोन पीस कधीतरी. रस्सा मात्र टाळा. प्युरीन शिजताना पाण्यात उतरतं, म्हणून पीसपेक्षा रस्सा वाईट. सावजीच्या टेबलावर "मी पीस खात नाही, नुसता रस्सा वरपतो" म्हणणारा पथ्य पाळत नसून उलटं करतो. सांधे दुखतात म्हणून पायाचं सूप पाजणारे नातेवाईक तर प्रत्येकाला असतात. त्यांना प्रेमाने नाही म्हणा. तलावातले झिंगे आणि सुकट, दोन्ही जपून. अंडी चालतात.

दारूत बिअर सगळ्यात वाईट, पण बाकीच्याही सुटत नाहीत. मोहाची नैसर्गिक आहे म्हणून चालते हा समज मोडायला मला जमलेलं नाही. दारू ती दारूच. वर गावठी भट्टीत कशात गाळली हे कोणाला माहीत? अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमधून दारू गाळायचे, त्यातलं शिसं पोटात जाऊन लोकांना गाऊट झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे कोल्ड्रिंक. साखरेच्या थंड बाटल्यांनीही युरिक ॲसिड वाढतं. संत्रं सोलून खा, ग्लासभर रस नको. बिनसाखरेची कॉफी चालते, पण आपल्याकडे ती पितं कोण.

बिब्बा, एरंडाचं पान, गुळवेल, पुडी?

एरंडाचं पान बांधलं तर नुकसान नाही, पण गरम करून बांधू नका. बिब्बा लावू नका. आमच्या गावात एकाने घोट्याला बिब्बा लावला. गाऊट आठ दिवसांत गेला असता, बिब्ब्याची जखम दीड महिना राहिली. डागणीचंही तेच.

गुळवेलीवर लोकांची श्रद्धा आहे, वातरक्तात वैद्य ती देतात. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांचं लिव्हर बिघडल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी मांडलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. माझं म्हणणं इतकंच की घ्यायची तर शिकलेल्या वैद्याकडून घ्या, बांधावरची वेल ओळखीवर काढून नको, आणि डॉक्टरला सांगून.

पुडीचा राग मला जास्त आहे. बाजारात एक जण बिननावाच्या पुड्या द्यायचा, "जडीबुटी" म्हणून. दोन तासांत दुखणं गायब व्हायचं. मी पाच महिने खाल्ल्या. तोंड चंद्रासारखं गोल झालं, शुगर वर गेली. एवढ्या झटपट उतरवणाऱ्या पुडीत बहुधा स्टिरॉइड असतं. एकदम बंदही करता येत नाही, डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू सोडावी लागते.

बाईमाणसाले होते काय?

होतो. पाळी गेल्यानंतर जास्त. बीपीसाठी पाणी काढायची गोळी चालू असेल तर तिनेही युरिक ॲसिड वाढतं. पण ती स्वतः बंद करू नका, डॉक्टरला बदलून मागा. बायकांच्या बोटांच्या पेरांवरच्या गाठीही गाऊटच्या असू शकतात, आणि त्या "वयाचं आहे" म्हणून वर्षानुवर्षं दाखवल्याच जात नाहीत.

उन्हाळा आणि रात्रीचं ओलित, यात पाय कसा सांभाळायचा?

मे महिन्यात ४५-४६ अंशांत घाम गेला की रक्तातलं सगळं घट्ट होतं. मी पाच लिटरची कॅन धुऱ्यावर ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत रिकामी करतो. मुतखड्यालाही तेच पाणी कामी येतं. किडनी किंवा हृदयाचा रोगी असेल तर पाणी किती हे डॉक्टरला विचारा.

हिवाळ्याचा घोर वेगळा. लाईन रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायचं, अनवाणी चिखलात चार तास. थंड पावलात स्फटिक लवकर जमतात. माझे दोन झटके अशाच रात्रींनंतरचे. आता घोट्याच्या वर येणारे रबरी बूट आणि आत जाड मोजे. गावात हसले, मग तिघांनी तसेच घेतले.

शेगावची पायी वारी जमेल काय?

झटका नसेल तर जमते. नवे बूट घालून निघू नका, पाणी पीत राहा, झटक्याची गोळी पिशवीत ठेवा. वारीआधी कडक उपास करून वजन उतरवायला जाऊ नका. उपाशीपोटीही युरिक ॲसिड वाढतं.

घरच्यांनी काय करावं?

डालं ठेवा. पाय दाबून देऊ नका, पोरांना खाटेवर उड्या मारू देऊ नका. आणि "बेवड्याचा रोग" म्हणू नका. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्यालाही होतो. आमच्या बाकावर एक माळकरी आहे, मटण नाही, दारू नाही, दोन्ही गुडघ्यांत गाऊट. तो कितीतरी वर्षं कोणाला सांगत नव्हता, लोक माळेकडे पाहतील म्हणून. पहिल्यांदा बाकावर बोलला तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ तोच बोलला.

पोरालेही होईल काय?

घराण्यात चालतो, हे खरं. माझ्या वडलांना "वात" होता, आणि त्यांच्या कानाच्या पाळीवर पांढऱ्या गाठी होत्या. त्या कशाच्या होत्या ते मला माझं कोपर फुटल्यावर कळलं.

पोरगा सव्वीस वर्षांचा आहे. त्याचं युरिक ॲसिड ७.१ निघालं. झटका एकही नाही, म्हणून डॉक्टरने गोळी दिली नाही. नुसत्या आकड्यावर गोळी सहसा देत नाहीत. वजन उतरव आणि पेट्रोल पंपावरच्या त्या थंड बाटल्या बंद कर, एवढंच सांगितलं. वजनाचं चालू आहे. बाटल्यांचं तो माझ्यासमोर तरी पीत नाही. त्याचा रिपोर्ट मी माझ्या गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवलाय, पुढच्या पोळ्याला दुसरा काढायचा आहे.